करार इस्लामाबादचा, काटा कारंज्याचा

कारंजा, रिसोड वा वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनची बोली लागते, तेव्हा ढिगाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनात नेपाळ नसतो. त्याचे सारे लक्ष व्यापाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या आकड्यावर असते. पण त्या आकड्याचा एक धागा थेट रक्सौल-वीरगंजच्या नाक्यापर्यंत पोहोचतो.

जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या सार्क परिषदेत दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ करार झाला. अटलजी त्या परिषदेस उपस्थित होते. १ जानेवारी २००६ पासून करार लागू झाला. पुढे २०११ मध्ये तत्कालीन केंद्र सरकारने अल्पविकसित शेजाऱ्यांपुरती संवेदनशील वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली. उरले ते मद्य आणि तंबाखू. तेलबियांचा शेतकरी कोणालाच संवेदनशील वाटला नाही!

या औदार्याची किंमत २०२४ मध्ये कळली. त्या सप्टेंबरात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील प्रत्यक्ष आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर नेले. सोयाबीनला भाव मिळावा, हा हेतू. हमीभाव होता ४,८९२ रुपये. बाजारात मात्र सोयाबीन त्याखालीच विकले गेले. मंदीची कारणे अनेक होती, जागतिक बाजारही पडलेलाच होता. तथापि शुल्काच्या भिंतीला नेपाळच्या बाजूने दार होते, हेही खरे. २०२४-२५ मध्ये नेपाळच्या निर्यातीत सोयाबीन तेल अग्रस्थानी गेले. ज्या देशात सोयाबीन नाममात्र पिकते, त्या देशाची ही किमया!

सवलतीसाठी अल्पविकसित देशातही किमान तीस टक्के मूल्यवर्धन व्हावे, अशी अपेक्षा आहे. परदेशी कच्च्या तेलातील डिंक, रंग आणि वास काढल्याने तेवढे मूल्य वाढते काय? आपल्या तेल उद्योगाच्या संघटनांनी ही शंका वारंवार मांडली आहे. सप्टेंबर २०२० पासून मालाच्या मूळ देशाची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर आहे. परंतु वीरगंजच्या कारखान्यातील हिशेब दिल्लीत बसून तपासता येत नाही. त्यासाठी काठमांडूचे सहकार्य हवे.

आफ्रिकेकडे पाहावे. २०१८ मध्ये किगालीत खंडव्यापी करार झाला, २०२१ च्या जानेवारीत व्यापाराचा आरंभ घोषित झाला. तरी कापड आणि मोटारी ‘मूळच्या आफ्रिकेच्या’ केव्हा मानायच्या, यावर पुढेही वर्षानुवर्षे खल चालला. मात्र तेथे प्रादेशिक संघटनांनाच कराराच्या पायाचे दगड मानले आहे. आपल्याकडे २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. पाकिस्तानच्या दहशतवादाशी संवाद शक्य नव्हता, तो निर्णय योग्यच होता. पण म्हणून नेपाळशी करायच्या कामालाही खीळ का बसावी?

नेपाळशी आपले नाते व्यापाराहून जुने आहे आणि त्या भूवेष्टित देशाचे दार बंद करावे, असे कोणी म्हणू नये. तेथे पिकलेल्या वा निदान तेथील घाण्यात गाळलेल्या बियांच्या तेलाला सवलत जरूर द्यावी. केवळ शुद्धीकरण करून पुढे ढकललेल्या तेलाला वार्षिक मर्यादा घालावी आणि दोन्ही देशांच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कारखान्यांची संयुक्त तपासणी करावी. हे द्विपक्षीय व्यापार करारातही बसू शकते. वाशिमच्या लोकप्रतिनिधींनी हमीभावाच्या मागणीपत्रात ही दोन कलमे जोडावीत.