एक शिलिंगाचा वेग

अपघाताची बातमी वाचताना मी पुष्कळदा नकळत चालकाच्या जागी जाऊन बसतो. ‘ब्रेक लागला नसेल बिचाऱ्याचा,’ असे मनात येते. ही सवय माझ्या एकट्याची नाही. इंग्लंडात तिने कायद्यालाही बरीच वर्षे अडवून धरले होते.

जानेवारी १८९६. केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी आठ मैलांच्या ‘भरधाव’ वेगाने मोटार हाकत निघाले. वस्तीतली मर्यादा ताशी दोन मैलांची! पोलीस शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून दगावली. चौकशीत ज्युरीने निकाल दिला, ‘अपघाती मृत्यू’. चालकाला शिक्षा झाली नाही. वेगाला निदान एक शिलिंग पडला होता. जिवाला तेवढाही नाही.

पुढे १९०३ च्या कायद्याने परवाना आणि गाडीवर क्रमांक सक्तीचा केला. बेदरकारपणे गाडी हाकल्यास पहिल्या खेपेला २० पौंडांपर्यंत दंड. पुन्हा तेच केल्यास ५० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. मजुराला २० पौंड म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. पण मोटार त्या वेळी श्रीमंताच्याच दारात असे आणि त्याला ही रक्कम जड नव्हती.

माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला भरता येई. मात्र मोटारी वाढल्या, तसे ज्युरीतही मोटारवाले येऊन बसू लागले. ‘आज हा, उद्या मी’ या विचाराने दोषी म्हणायला त्यांची जीभ रेटेना. अखेर १९५६ साली संसदेने धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवणे हा स्वतंत्र गुन्हा केला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. ब्रिजेटबाईंना जाऊन तोवर ६० वर्षे झाली होती.

ती ज्युरीतली माणसे दुष्ट नव्हती. ती फक्त माझ्यासारखीच चालकाच्या जागी जाऊन बसली. त्या दिवशी ब्रिजेटबाईंबरोबर त्यांची किशोरवयीन मुलगी होती. पुढची बातमी वाचताना मी आधी तिच्या शेजारी उभा राहीन म्हणतो.