सहलीचे ॲप आणि नागझिऱ्याचे प्रवेशद्वार
गटाने सहल आखण्याच्या ॲपची वापरसुलभता, म्हणजे नवख्यालाही कोणाला न विचारता काम उरकता येण्याचा गुण, कशी पारखावी हे गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या, २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीवरून नीट ध्यानात येते. तेथे एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, आरक्षणाला प्रत्येकाच्या ओळखपत्राचा तपशील लागतो आणि चोरखमाऱ्याऐवजी चुकून पिटेझरीचे प्रवेशद्वार निवडले गेले तर पहाटेची फेरी हातची जाते. म्हणून नऊ जणांच्या कुटुंबाला दोन गाड्या लागतील हे ॲपने पैसे भरण्याआधीच सांगावे, तारखेवरील मतदानाला मुदत घालावी आणि कोणाचा होकार, कोणाचे ओळखपत्र, कोणाची वर्गणी बाकी आहे हे एकाच पडद्यावर मराठीत दाखवावे. स्मार्टफोन नसलेल्या आजीची माहिती नातवाला भरता येणे, ही सोय तर सर्वांत आधी हवी. जंगलात रेंजचा भरवसा नसल्याने तिकीट, प्रवेशद्वाराचे नाव व चालकाचा क्रमांक यांची ऑफलाइन प्रत, म्हणजे इंटरनेटविना उघडणारी नोंद, आदल्या रात्रीच प्रत्येकाच्या फोनमध्ये आपोआप उतरली पाहिजे.