घरच्यांनाही ‘जी’ हवं

दिल्लीत नव्याने आलेला मराठी माणूस आठवडाभरात ‘जी’ लावायला शिकतो. शेजारच्या बाई ‘आंटीजी’ होतात, साहेब ‘सरजी’. नोएडा-गुरुग्रामच्या मेट्रोत तो म्हाताऱ्या माणसाला उठून जागा देतो, सोसायटीच्या लिफ्टचं दार मागून येणाऱ्यासाठी धरून ठेवतो. तोच माणूस रात्री घरी पोचतो आणि चपला काढता काढता, मोबाइलवरची नजर न उचलता म्हणतो, ‘पाणी.’

मागे ‘दे गं’ नाही, पुढे ‘दमलीस का?’ नाही.

घरातल्या अशा बोलण्यावरून दिल्लीतलंच एक संमेलन आठवतं. २०२५च्या फेब्रुवारीत इथल्या तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर, लोकसाहित्यातल्या बाईचा आवाज ज्यांनी आयुष्यभर ऐकला, अभ्यासला. सासरी कोण काय बोललं, माहेरी कोणी मायेने विचारलं, हे जात्यावरच्या ओव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलं आहे. घरातला शब्द विरून जात नाही, तो मनात राहतो.

२३ तारखेला संमेलन संपलं. दोनच दिवसांनी केंद्र सरकारने २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणाचे आकडे जाहीर केले. स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. पाच तासांना जेमतेम अकरा मिनिटं कमी, तेही बिनपगारी! या कामाला निदान चांगला शब्द तरी मिळायला हवा.

‘आपल्याच माणसांचे कसले आभार मानायचे?’ असं पुष्कळजण म्हणतात. घरात ‘थँक यू’ परकं वाटतं, हे खरंच आहे. पण मराठीकडे आदबीचे स्वतःचे शब्द आहेत. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘बस तूही आता, मी वाढतो,’ या एका वाक्यात आभारही आले आणि मदतही.

वडीलधाऱ्यांचंही तेच. २००७च्या कायद्यामुळे आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, मदतीसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. मात्र ‘बाबा, आत येऊ का?’ असं दारात थांबून विचारायला कोणतंही न्यायाधिकरण लावू शकत नाही. ते घरातल्यांनीच करायचं असतं.

आज घरी पोचाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा. पाणी स्वतः घ्या, आणि दुसरा पेला भरून घरातल्या माणसाच्या हातात द्या.