नाव त्यांचं, खेळ सगळ्यांचा

हॉस्टेलवर रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर शब्द जुळवत बसता ना? मग कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांची गोष्ट तुम्हाला माहीत हवी. त्यांनी स्क्रॅबलवरून ‘स्क्रॅब्युलस’ बनवला, २००७ मध्ये तो फेसबुकवर आला आणि जगभर लाखो लोक त्याला चिकटले.

स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रोकडे, बाकी जगात मॅटेलकडे. २००८ मध्ये हॅस्ब्रोने अमेरिकेत दावा ठोकला, मॅटेल दिल्ली हायकोर्टात गेली. दिल्लीचा आदेश मुळातून वाचावा असा आहे. ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरायला कोर्टाने मनाई केली, पण बोर्डावरच्या कॉपीराइटचा मॅटेलचा मुद्दा मात्र त्या टप्प्यावर मानला नाही. भावांनी नाव ‘लेक्स्युलस’ केलं, हातात सातऐवजी आठ अक्षरं दिली आणि खेळ सुरू ठेवला. (हा बदल आधीच सुचला असता तर?)

तेव्हा हिट गेमच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून प्रोजेक्ट सबमिट करणाऱ्यांनो, उसनं नाव हा निव्वळ आळस आहे. महागात पडतो तोही तोच. शब्द जुळवायची कल्पना कुणाच्या बापाची नाही. ती घ्या आणि आपल्या भाषेत खेळून बघा. इंग्रजीचं २६ अक्षरांत आणि १०० टाइल्समध्ये भागतं. मराठीत ‘स्त्री’ एका चौकोनात बसवायची, की स, त, र आणि वेलांटी अशी फोडायची? काना-मात्रेला गुण किती? याचं कोडिंग तुमच्यापैकी कोण करतंय?