विशनसरचा रिकामा दिवस

दिवाळीच्या फराळाबरोबर आमच्या घरात आणखी एक जिन्नस दरसाल शिजतो, तो म्हणजे पुढच्या वर्षीच्या सहलीचा बेत. यंदा पुतण्याने काश्मीरच्या तळ्यांचा बेत काढला. काश्मीर म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे शिकारे आणि शालवाले उभे राहतात; पण ही तळी निराळी, बरे का. सोनमर्गहून पायी निघायचे आणि विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल अशी एकामागून एक सरोवरे पाहत नारानागला उतरायचे. वाट सुमारे ७० किलोमीटरची. सारी तळी अकरा-साडेअकरा हजार फुटांच्या वरची, आणि मधल्या खिंडी तेरा हजारांच्याही वर. 'सर' म्हणजे सरोवर हे आपल्यालाही कळते. 'गाड' म्हणजे काश्मिरीत मासा, म्हणून गडसर. सातसर नावाप्रमाणे सात तळ्यांचे, पण उन्हाळा सरता सरता त्यांतली काही आटतात.

ही तळी खणली कोणी? बर्फाने. हजारो वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत साचलेल्या बर्फाच्या नद्या आपल्याच वजनाने खाली सरकताना खडक खरवडत गेल्या. त्यांनी कुठे परातीसारखा खोलगट भाग कोरला, कुठे दगडगोट्यांचा बांध घातला. बर्फ मागे हटला आणि त्या परातीत पाणी राहिले. जिथे वर अजून हिमनदी आहे, तिथे दगडाचे पिठासारखे बारीक चूर्ण पाण्यातून येते आणि त्यामुळे पाण्याला तो निळाहिरवा रंग चढतो. गंगाबलच्या डोक्यावर असा एक डोंगर उभा आहे, हरमुख. उंची १६,८०० फुटांहून अधिक. १८५६ साली माँटगोमेरी नावाच्या सर्वेक्षकाने ह्याच हरमुखावरून दूर काराकोरमची दोन शिखरे हेरली आणि वहीत त्यांना के-१, के-२ असे क्रमांक टाकले. दुसऱ्याला जगभर तेच नाव चिकटले. मोठ्या माणसाला लहानपणचे टोपणनाव चिकटावे, तसे.

असो. पुतण्याने तक्ता तयार केला होता. नऊ दिवसांची रजा, दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून. पहिल्या दिवशी सकाळी विमानाने मुंबई ते श्रीनगर आणि तेथून ८० किलोमीटर मोटारीने सोनमर्ग. दुसऱ्या दिवशी निचनईचा तळ, तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून विशनसर, चौथ्या दिवशी गडसर... कुठे सुईच्या अग्राइतकी जागा मोकळी नाही. इतर तक्त्यांत विशनसरला एक दिवस मुक्काम असतो, तो त्याने काढून टाकला होता.

"काका, एक अख्खा दिवस तळ्याकाठी नुसते बसून काय करायचे?" तो म्हणाला. "त्यापेक्षा शेवटी श्रीनगरात काकूंना खरेदी तरी करता येईल."

आता हा हिशेब जरा नीट पाहा. श्रीनगरची उंची सुमारे ५,२०० फूट. म्हणजे ते शहरच आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास! सोनमर्ग नऊ हजारांच्या घरात. निचनईचा तळ साडेअकरा हजारांवर. म्हणजे शुक्रवारी रात्री दादरला पंख्याखाली झोपलेला माणूस रविवारी रात्री साडेअकरा हजार फुटांवर पाठ टेकणार. दिवसा किती चढलात हे शरीर एक वेळ माफ करते. रात्री कुठे झोपलात ते विसरत नाही. दहा हजार फुटांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात दीड हजार फुटांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे डॉक्टर सांगतात. तेरा-चौदा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सहा दशांशावर येतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नाही. आणि तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचे. चांगला धडधाकट पैलवानही ह्यातून सुटत नाही.

आमच्याबरोबर यायचे म्हणणारे आमचे मेहुणे काही पैलवान नव्हेत. वय बासष्ट, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी चहाच्या आधी. पण रोज पर्वती चढतात आणि हे रोज सांगतात.

सौभाग्यवती इतका वेळ चकल्यांचा डबा भरत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न डाळीचा होता. बारा हजार फुटांवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, मग तूरडाळ शिजणार कशी? पुतण्या म्हणाला, घोड्यावर कुकर असतो. त्यांचे समाधान झाले. मग डब्याचे झाकण लावता लावता त्यांनी विचारले, "आणि परत फिरायचे झाले तर कोणत्या दिवशी फिरायचे? दादाबरोबर कोण फिरणार?"

तक्त्यात ह्याला रकानाच नव्हता.

आम्ही नकाशा पुन्हा उघडला. विशनसरपर्यंत काही झाले, तर आलेल्या वाटेने एक खिंड ओलांडून सोनमर्गला उतरता येते. त्यापुढची गडसरची खिंड ही ह्या वाटेवरची सर्वांत उंच, पावणेचौदा हजारांच्या सुमाराची. ती एकदा ओलांडली की मागे जायचे तर तीच पुन्हा चढायची, आणि पुढे नारानागची मोटार तीन दिवस दूर. मधे उन्हाळ्यात बकरवालांची झोपडी भेटेल, लष्कराची चौकी ओळखपत्र मागेल. पण रस्ता नाही. तेव्हा विशनसरचा तो 'रिकामा' दिवस बसण्याचा नव्हेच. सकाळी किशनसरपर्यंत चढून यायचे, दुपारी पुन्हा खाली झोपायला यायचे, आणि संध्याकाळी प्रत्येकाने खरे सांगायचे.

"मी एकटा परत येईन की," मेहुणे म्हणाले. "घोडेवाला असतोच."

"दादा, तू गप्प बस," सौ. म्हणाल्या.

कोणी उलट वाट सुचवली, नारानागहून चढायची. पण तिथे पहिल्याच दिवशी चार हजार फुटांची उभी चढण. उतरताना ती गुडघ्यांना भोवते, चढताना छातीला. त्यातल्या त्यात गुडघे बरे. तेव्हा दिशा तीच राहिली. सोनमर्गला दोन रात्री आणि विशनसरला दोन रात्री असे ठरले, आणि श्रीनगरची खरेदी पावसाच्या नावे राखून ठेवली. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा हंगाम चांगला खरा, पण २०१४ च्या सप्टेंबरात ह्याच काश्मीरने महापूर पाहिला आहे. विमानाची तिकिटे मात्र एवढ्यात काढायची नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तिकडची अनेक ठिकाणे सरकारने बंद केली होती. वाट खुली असल्याची त्या वर्षीची खात्री झाल्यावाचून पैसे गुंतवण्यात अर्थ नाही.

नवाचे अकरा दिवस झाले. पुतण्याने रजेवरून कुरकुर केली, साहेब मोठा खवट आहे म्हणाला, आणि शेवटी तक्त्यात एक नवा रकाना आखला. मेहुण्यांच्या नावासमोर मी माझे नाव लिहिले. माझ्या नावासमोर सौभाग्यवतींनी त्यांचे. पुतण्याने स्वतःच्या नावासमोरची जागा कोरी ठेवली होती; त्याच्या काकूंनी पेन्सिल घेऊन तिथे 'दादा' असे लिहिले. मेहुणे खूष. दुसऱ्या दिवसापासून ते पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन पर्वती चढतात. डॉक्टरांकडे जायची तारीख सौ.नी भाऊबिजेनंतरची ठरवली आहे.