महागाईचं बिल कुणाच्या नावावर?

महागाईचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, सरकार नोटा छापतं म्हणून भाव चढतात. दुसरा म्हणतो, छे, पाऊस, पेट्रोल आणि व्यापारी! पहिल्यांचे गुरू मिल्टन फ्रीडमन, दुसऱ्यांचा गुरू कोपऱ्यावरचा वाणी.

गंमत सोडा. दोघांचंही अर्धं खरं आहे. १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ चं तेलसंकट नोटांनी आणलं नव्हतं. पण बाजारात पैसा वाढतच गेला नाही, तर एकट्या टोमॅटोमुळे सगळेच भाव वर्षानुवर्षं चढत राहत नाहीत, हेही खरं. माझं भांडण वेगळंच आहे. कारण कोणतं मानायचं हे ठरलं, की बिल कुणी भरायचं हेही गुपचूप ठरून जातं.

पैसा हे कारण मानलं की व्याजदर वाढतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. बिल गेलं गृहकर्जवाल्याकडे. पुरवठा हे कारण मानलं की निर्यात अडवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, ती उठली मे २०२४ मध्ये. बिल गेलं नाशिकच्या शेतकऱ्याकडे. आणि कांदा स्वस्त झाला म्हणून खूश कोण? आपणच!

तिसरं बिल तर मोजलंच जात नव्हतं. मुळशीतलं चांदे घ्या. भाताचा हा तालुका, पण हिंजवडी शेजारी आली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्रामीण निर्देशांकात अन्न-पेयांना ५४.१८ टक्के वजन होतं आणि घरभाड्याला शून्य! कागदोपत्री खेडं असलेल्या गावात खोलीचं भाडं दुप्पट झालं असतं, तरी तो आकडा जागचा हलला नसता.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ सालीच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये नेमकं बोट ठेवलं होतं. रुपया घसरला की निर्यातदाराला लाभ दिसतो, पण भाव चढतात त्या वेगानं मजुरी चढत नाही, म्हणून तो लाभ मजुराच्या खिशातून येतो. शंभर वर्षं झाली, आपण अजून नोटा की कांदा यावरच अडलोय.

तेव्हा काका-मामा मंडळी, पुढच्या वेळी वाद घालताना भाव कशानं चढले ते जरूर सांगा. पण ते उतरवताना कुणाचा खिसा कापायचा, तेही सांगा.