कागद नसलेला माणूसही कामगारच



१९५९ साली भिलाईत पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. पोटासाठी सगळ्या मुलखांतून माणसे येथे आली, विदर्भातून आपलीही आली. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, पूर्व पाकिस्तानातून उखडलेल्या कुटुंबांसाठी दंडकारण्य योजना सुरू झाली. १९६४ च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीत उतरली. पुढे कोणी बस्तरात वसले, तर कोणाच्या वसाहती आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत उभ्या राहिल्या.

२५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना मात्र नागरिकत्वाचे दार बंद झाले. पुढे कायदा आणखी कडक झाला. ३ डिसेंबर २००४ पासून आई किंवा बाप ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरला, तर येथे जन्मलेले मूलही नागरिक ठरत नाही. म्हणजे येथेच जन्मलेल्या पोराला स्वतःचा असा देशच नाही!

काही सहकारी विचारतात, “आपल्याच मुलांना नोकऱ्या नाहीत, यांचे कशाला?” पण ठेकेदाराला कोण आवडतो? ज्याच्याजवळ कागद नाही तोच. तो किमान वेतन मागत नाही, तक्रार करत नाही, संघटनेत येत नाही. त्याची भीती कायम राहिली तर आपलीही मजुरी खाली येते.

आता हा प्रश्न थेट आपल्या टेबलावर आला आहे. ११ मार्च २०२४ च्या नियमांनुसार नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख टपाल अधीक्षक आहेत आणि स्टेशन मास्तर निमंत्रित आहेत. मात्र हा कायदा पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरताच आहे. मुसलमान त्यात नाहीत, श्रीलंकेचे तमिळ नाहीत, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळचे तिबेटीही नाहीत. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सहीच नाही.

आपण सभासदाची पावती फाडताना धर्म विचारत नाही. मग माणसाला आसरा देतानाच तो का विचारायचा? निर्वासित आणि राज्यविहीन अशा सर्वांसाठी एकच कायदा व्हावा, असा ठराव प्रत्येक शाखेने करावा. तोवर जो अर्जदार दारात येईल त्याला हेलपाटे घालायला लावू नका. फॉर्म भरायला मदत करा, कोणता कागद कमी आहे ते समजावून सांगा आणि दलालाला दूर ठेवा.

बदली, निलंबन, पेन्शन, सगळीकडे एका कागदावाचून काय हाल होतात, ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?